काचेमागचा उजेड

पिंपरीपासून चाकणपर्यंत काचेच्या पेल्याशी इतक्या अदबीनं वागणारा दुसरा माणूस झाला नसेल. तो दादाचा मित्र. काचसामानाच्या एका कारखान्यासाठी तो कॅटलॉगचे फोटो काढायचा, आणि चिंचवडच्या आमच्या घराची पुढची भिंत पांढरीशुभ्र म्हणून रविवारी दिवे, स्टँड, पुठ्ठे असं सगळं बिऱ्हाड घेऊन आमच्याकडे यायचा. पांढरा शर्ट काचेत उमटतो, म्हणून बारा महिने काळाच घालायचा, बारशाला, सत्यनारायणालासुद्धा. आईच्या कपाळाला आठ्या पडत. वर्षातून एकदा, संक्रांतीला, तो प्रसंगाला शोभेसा दिसे. चहा काचेच्या ग्लासातच मागायचा आणि ग्लास खिडकीशी धरून त्याच्या कडा बघत बसायचा. मग पार निवलेला चहा पिऊन म्हणायचा, "काकू, फक्कड झालाय!"

"काचेवर उजेड टाकायचाच नाही," तो मला सांगे. "बिचारी दिसेनाशी होते. उजेड मागच्या भिंतीवर. आणि दोन्ही बाजूंना काळा पुठ्ठा, की कड बघ कशी रेघ ओढल्यासारखी येते!" पुठ्ठे धरायचं काम माझं. मी हलत नसे, बोलतही नसे. त्याला तेवढंच हवं होतं. तो पेल्याकडे बघे, मी त्याच्याकडे. पुठ्ठ्यामागे कोण आहे, ते त्यानं एकदा तरी बघावं, असं फार वाटायचं.

मग मला राजगुरुनगरचं स्थळ सांगून आलं. फोटो हवा होता. दादानं त्यालाच बोलावलं. त्या भिंतीपुढे मला बसवून तो कितीतरी वेळ कॅमेऱ्यातून बघत राहिला, आणि मीही कधी नव्हे ती नजर वळवली नाही. फोटो आला तो असा: मागे लख्ख भिंत, वेणीतून सुटलेला केसन् केस स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी अंधार.

"अरे, यात मुलगी कुठंय?" आई म्हणाली.

"कडा बघा ना काकू, किती स्वच्छ आल्यात!"

"राव, बहीण आहे माझी, बरणी नव्हे!" दादा हसून हसून लोळला. मीही हसले. शेवटी स्टेशनजवळच्या स्टुडिओतला फोटो गेला आणि होकार आला.

लग्नाला तो रिकाम्या हातांनी आला. "कॅमेरा कुठाय रे?" कुणीतरी ओरडलं.

"आज नुसतं बघायला आलोय."

आवाज अगदी जवळून आला. मी मुंडावळ्यांआड मान खाली घालून बसले होते. वर बघावंसं वाटलं, बघितलं नाही. तो कुणाकडे बघत होता, ते मला अजून ठाऊक नाही.