दहावी बातमी

आमच्या आष्टीत बातमी आधी मोबाइलवर येते, मग मुकेशच्या पानठेल्यावर येते आणि सगळ्यात शेवटी रूपराव निंभोरकरांच्या फलकावर येते. पण फलकावर आली म्हणजे ती पक्की. ठेल्यावर मेलेली निदान तीन माणसं आजही बाजारात भाजी घेताना दिसतात. रूपरावांच्या फलकावर मेलेला एकही माणूस नंतर कुणाला भेटलेला नाही.

फलक माझ्या फोटो स्टुडिओच्या बरोबर समोर आहे, मुकेशच्या ठेल्याला टेकलेला. सहा फूट रुंद, चार फूट उंच, वर पिवळ्या रंगात ‘वार्ताफलक’ आणि खाली ज्या तरुण मंडळानं तो उभारला त्याचं नाव. मंडळातले तरुण आता भेटले की गुडघ्याला कुठलं तेल चांगलं यावर बोलतात. त्र्याऐंशी साली त्यांच्यात अक्षर चांगलं म्हणून रूपरावांच्या हाती खडू दिला गेला आणि तो परत घ्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पोटापाण्यासाठी ते जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते. हा शब्द गावात फक्त त्यांनाच म्हणता यायचा. बाकीचे ‘ढोराच्या दवाखान्यातले रूपराव’ म्हणून मोकळे व्हायचे. सकाळी सहाला फलक, नऊला बैलांच्या खांद्यांवरची मलमपट्टी, असं त्यांचं आयुष्य गेलं. दोन्ही कामांत समोरचा आभार मानत नाही, हे त्यांना मान्य होतं.

रोज चार बातम्या. जगाची, देशाची, जिल्ह्याची आणि गावाची, याच क्रमानं. गाव शेवटी का, असं मी एकदा विचारलं.

‘‘गावाची वर लिवली तं जगाकडे कोन पायते?’’ ते म्हणाले. ‘‘खाली ठेवली म्हंजे मानूस वरून वाचत येते.’’

हा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात आष्टीकर मोटारसायकलचा वेग न मोडता फक्त खालची ओळ बघायचे. तिथं ‘दुःखद निधन’ असलं तर ब्रेक लागायचा. नसलं तर जगात काय चाललंय ते जगानं बघावं. बेचाळीस वर्षांत फलकापुढे गर्दी झाली ती फक्त कुणी गेल्यावर. रूपरावांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला सांगता येत नाही. मी त्यांना सांगितलं नाही, एवढं खरं.

एकतीस डिसेंबरला मात्र फलकाची दिवाळी असायची. त्या दिवशी चार नव्हे, दहा बातम्या: सरत्या वर्षाचा आढावा. नऊ बातम्या कुठल्या हे आठवडाभर मुकेशच्या ठेल्यावर भांडून ठरायचं. दहावी गावाची, आणि ती ते कुणालाच सांगायचे नाहीत. रुख्माबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही नाही. एका वर्षी दहावी बातमी होती, ‘आष्टी : यंदा गावात एकही लग्न पत्रिकेतील वेळेवर लागले नाही.’ त्यावर तीन वधूपिते त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हते.

त्या दिवशी मी फलकाचा फोटो काढायचो. स्टुडिओ उघडला त्या अठ्ठ्याण्णव सालापासून सत्तावीस फोटो माझ्या भिंतीवर ओळीनं टांगलेले आहेत. पहिल्या वीस वर्षांत अक्षर छापल्यासारखं आहे. एकवीस सालच्या फोटोत ओळी उजवीकडे जाता जाता किंचित खाली उतरतात. तेविसात चांगल्याच उतरतात. मी धंद्यानं फोटोग्राफर. मी काय केलं, तर स्टँड वाकडा झाला असेल म्हणून नवा स्टँड आणला.

स्टँड सरळच होता. गेल्या होळीनंतर त्यांची मुलगी भावना, जी सिंदी मेघेला दिलेली आहे, त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डोळ्यामागची नस वाळलेली. जे दिसायचं गेलं ते परत येणार नाही आणि जे उरलंय तेही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गावाला काचबिंदू आणि मोतीबिंदू हे सख्खे भाऊ वाटतात, त्यामुळे जो तो भेटून धीर द्यायला लागला की अर्ध्या तासाचं काम आहे, माझ्या सासूचं झालं, दुसऱ्या दिवशी ती तांदूळ निवडत होती. रूपराव सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. मला एवढंच म्हणाले, ‘‘डॉक्टर चांगला होता. खोटं बोलला नाई.’’

तरी फलक चालू राहिला. पेपर रुख्माबाई वाचून दाखवायच्या. त्या चौथी शिकलेल्या, त्यामुळे अवघड शब्द आला की ‘काहीतरी हाय’ म्हणून पुढे जायच्या. उरलेलं आकाशवाणीवरून भरून निघायचं. प्रश्न ओळींचा होता. आदल्या ओळीवर ओळ चढू लागली तेव्हा रुख्माबाईंनी फलकाच्या डाव्या कडेला एकेक फुटावर चार खिळे ठोकले. डावा हात खिळ्यावर ठेवायचा आणि उजव्यानं सरळ लिहीत जायचं. फुटाफुटाची जागा होती. ओळ थोडी घसरली तरी कुणाच्या अंगावर जात नव्हती.

डिसेंबरात उजवा डोळा पार गेला. डाव्यातून कुलपाच्या भोकातून दिसावं तेवढं दिसत होतं. एका दुपारी काठी टेकत ते स्टुडिओत आले, पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘यंदाची यादी लिवून घेतो. मंग बस. शेवटची हाय, तं साफ झाली पायजे. फोटो चांगला काढजो.’’

मी हो म्हटलं. भिंतीवर अठ्ठाविसाव्या फोटोसाठी खिळाही ठोकून ठेवला.

मग ठेल्यावर यादीची भांडणं सुरू झाली. रूपरावांचा जुना नियम, दहातल्या चार तरी बातम्या चांगल्या हव्यात. पंचवीस साल या नियमाला फार जड गेलं. पहलगाम घ्यावंच लागलं. अहमदाबादचं विमान घ्यावंच लागलं. नेपाळात पोरांनी सरकार उलथवलं, अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के कर बसवला. शाळेतून निवृत्त झालेले प्रभाकरराव कापसावरचं आयात शुल्क माफ झाल्याची बातमी पहिल्या नंबरवर घ्या म्हणून अडून बसले. बाहेरचा कापूस आला तर आपला कोण विचारतो, याहून मोठी बातमी जगात कुठली, असं त्यांचं म्हणणं. ती सहाव्या नंबरवर मिटली. चांगल्यात नागपूरची पोर बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकली ती होती, क्रिकेटमधल्या पोरी होत्या, अंतराळातून सुखरूप परतलेला आपला माणूस होता. चौथी मिळेना. मुकेशनं गाझातली युद्धबंदी सुचवली.

‘‘ते चांगल्यात धरता येते का?’’ रूपरावांनी विचारलं.

‘‘थांबलं तं खरं ना, काकाजी.’’

‘‘मेलेले मोजून झाले का?’’

मुकेशनं सुपारी कातरायला घेतली. ‘‘मंग अर्धी चांगली,’’ रूपराव म्हणाले. असं साडेतीन चांगल्या बातम्यांवर दोन हजार पंचवीस साल निकालात निघालं.

मुकेशनं फलकावर जुने चार काढून नवे दहा खिळे ठोकले. आता दोन ओळींमध्ये पुरती एक वीतही नव्हती. रूपरावांनी घरी फरशीवर खडूनं सराव केला. रुख्माबाई तक्रार करायच्या की चुलीपासून दारापर्यंत नेपाळ पसरलंय, पाय कुठं ठेवू.

एकतीस तारखेला सकाळी आठला मी शटर उघडलं. थंडी मरणाची होती. रूपराव फलकाकडे पाठ करून उभे होते, मफलर खडूच्या भुकटीनं पांढरा झालेला. समोर पाच-सहा माणसं उभी होती, रोजच्यापेक्षा पुष्कळ. मुकेशनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानाला चुना लावू लागला.

मी रस्ता ओलांडून गेलो.

दहा खिळ्यांपाशी दहा बातम्या अगदी बरोबर सुरू झाल्या होत्या. डावीकडून हातभर सगळं सुरेख, माझ्या भिंतीवरच्या अठ्ठ्याण्णव सालच्या फोटोसारखं. त्यानंतर प्रत्येक ओळ थकल्यासारखी खाली उतरली होती आणि खालच्या ओळीत शिरली होती. अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावून सरकार उलथवलं होतं. कापसावरचं शुल्क माफ होऊन तो अवकाशस्थानकातून सुखरूप परत आला होता. विमानाची बातमी कुठं संपते ते कळत नव्हतं. क्रिकेटच्या पोरी विश्वचषक घेऊन सरळ दहाव्या बातमीवर उतरल्या होत्या.

प्रभाकरराव स्कूटरवरून आले, एक पाय खाली टेकवून खालच्या ओळीकडे बघत म्हणाले, ‘‘कोनाचं निधन तं नाई ना?’’ नाही म्हटल्यावर गेले.

‘‘कसं झालं?’’ रूपरावांनी विचारलं.

‘‘एकदम छापल्यासारखं, काकाजी,’’ मुकेश म्हणाला. पान लावताना त्यानं मान वर केली नाही.

‘‘वाच,’’ रूपराव मला म्हणाले.

मी वाचलं. आठवडाभर भांडून ठरलेल्या त्या नऊ बातम्या मला तोंडपाठ होत्या. खिळ्यापासचा शब्द दिसला की पुढचं आपोआप यायचं. पहिली वाचली, दुसरी वाचली, कापसाशी थोडा थांबलो, कारण खरा माणूस तिथं थांबला असता. नवव्या बातमीपर्यंत आवाज चांगला लागला होता. रूपराव मान हलवत होते. इतक्यात रुख्माबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि फलकाकडे बघत थांबल्या.

‘‘आता दहावी,’’ रूपराव म्हणाले.

‘आष्टी :’ एवढं स्वच्छ दिसत होतं. त्यापुढे नवव्या ओळीचा पांढरा गुंता.

‘‘आष्टी...’’ मी म्हटलं.

‘‘पुढं?’’

इथं मला काहीतरी रचायला हवं होतं. लोकांच्या चेहऱ्यावरचे फोड पुसून देणं हा माझा रोजचा धंदा, पण त्या सकाळी एक ओळ सुचली नाही.

‘‘अवो, घरी चला,’’ रुख्माबाई म्हणाल्या. ‘‘थंडी लागून राह्यली.’’

रूपरावांनी मागे हात नेऊन सगळ्यात खालचा खिळा चाचपला.

‘‘नववी दहावीवर गेली का?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

‘‘आन् बाकीच्या?’’

‘‘बाकीच्याही.’’

‘‘मंग तू वाचलं ते?’’

‘‘पाठ होतं, भाऊ.’’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, डॉक्टर चांगला होता म्हणताना हलवली होती तशी. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी पुसून पुन्हा लिहितो, माझं अक्षर बरं आहे. ते नको म्हणाले. दहाव्या बातमीत काय होतं, ते मग त्यांनी सांगितलं. फलकाची भाषा वेगळी असायची, पुस्तकातली, आणि ती ते तशीच उभं राहून म्हणाले:

‘‘आष्टी : बेचाळीस वर्षांनंतर हा वार्ताफलक आजपासून बंद होत आहे. वाचकांचे आभार.’’

समोर उभी असलेली पाच-सहा माणसं एव्हाना पांगली होती. ऐकायला मी, मुकेश आणि रुख्माबाई होतो.

‘‘हे दुसऱ्याच्या अक्षरात नाई लिवता येत,’’ रूपराव म्हणाले. ‘‘पुसून टाका.’’

‘‘फोटो?’’ मी विचारलं.

‘‘कायचा?’’

रुख्माबाईंनी ठेल्यावरचं ओलं फडकं घेतलं आणि पुसायला सुरुवात केली. वरून. जग, मग देश, मग कापूस, मग पोरी. गावाशी आल्यावर त्यांनी फडकं पिळलं, खालची ओळही पुसली आणि खडूचा डबा पदराखाली घेतला. रूपरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं चालू लागले. मुकेशनं त्या दिवशी मला पानाचे पैसे मागितले नाहीत आणि मी पान खाल्लंही नाही.

संक्रांतीला मी त्यांच्या घरी गेलो. ते खाटेवर रेडिओ उशाशी घेऊन बसले होते, रेडिओ बंद होता. एवढ्यात डाव्या डोळ्याचं भोकही बुजत आलं होतं. तीळगूळ देताना त्यांनी माझा हात शोधला.

‘‘फलकावर काय हाय आता?’’

मी सांगितलं की कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाय, बराच मोठा, त्यात बत्तीस चेहरे आहेत. बांधायला सोपा गेला, दोऱ्या अडकवायला खिळे होतेच.

‘‘दहाही?’’

‘‘दहाही.’’

‘‘बरे कामी आले,’’ ते म्हणाले. त्यानंतर मी तासभर बसलो. नवीन वर्षाच्या बातम्या मी सांगायला घेतल्या, तर रुख्माबाईंनी डोळ्यांनी नको म्हटलं.

जानेवारीच्या शेवटी प्रभाकरराव नोव्हेंबरात राहून गेलेल्या हयातीच्या दाखल्यासाठी फोटो काढायला आले. भांग पाडता पाडता त्यांचं लक्ष भिंतीवरच्या सत्तावीस फोटोंकडे गेलं, मग रिकाम्या खिळ्याकडे, मग बाहेर फ्लेक्सकडे.

‘‘काहो,’’ ते म्हणाले, ‘‘रूपरावचा फलक बंद झाला का?’’

हो, महिना होत आला, मी म्हटलं.

त्यांना ते फारच खटकलं. बेचाळीस वर्षं आपण वाचतोय, रोज जाता-येता वाचतोय, आणि बंद करताना कुणाला काही सांगायची पद्धत नाही.

‘‘येवढा शिकलेला मानूस,’’ ते स्टुलावर बसत म्हणाले, ‘‘मंग तसं फलकावर लिवाचं होतं ना.’’

मी त्यांना हनुवटी जरा वर घ्यायला सांगितली आणि बटण दाबलं.