घाटात अडलेला टर्बो टँकर

"पाय पार तळाला टेकवला उस्ताद, तरी गाडी ढिम्म! नुसता काळा धूर!"

भीमरावदादांनी मला वर्कशॉपच्या दारातच गाठलं. ते आमच्या सहकारी सोसायटीचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, मी तिथला डिझेल मेकॅनिक. वर्कशॉप कळंबला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, दुष्काळ होता, आणि सोसायटीनं टर्बो इंजिनाचा नवा कोरा टँकर आणला होता. त्या दिवशी तो पाण्यानं भरून घाट चढायला गेला आणि अर्ध्यात बसला. दादांनी कसाबसा उलटा खाली आणला.

दादांचं गाव त्या घाटावर. दुसऱ्या दिवशी तिथं त्यांच्याच लेकीचं, सुजाताचं लग्न. वऱ्हाड येणार आणि विहिरीत नुसता चिखल. बाकीचे टँकर दुसऱ्या गावांना लागलेले. हाच एक उरलेला.

तेवढ्यात चेअरमनसाहेब आले. "शेखभाई, ही गाडी परत धाडू. आपल्याला टोपी घातली कंपनीनं."

"साहेब, जरा दम धरा."

"आणि लग्नाला पाणी कुठनं आणायचं?"

"दम धरा म्हणलं ना!" मी खेकसलो. माझं तोंड असंच आहे. साहेबांना सवय होती, ते बाकड्यावर बसून राहिले.

आता टर्बो म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो. त्या पंख्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल चांगलं जळतं आणि ताकद वाढते. पण आधी धूर वाढणार, मग पंखा पळणार, मग हवा येणार. म्हणून पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग गाडी उचलते. त्या क्षणाला लॅग म्हणतात. ती इंजिनाची रीतच आहे, बिघाड नव्हे. आमच्या गाडीचा मात्र लॅग संपतच नव्हता.

मी पेडलपासून सुरुवात केली. पेडलची दांडी इंजिनापर्यंत नीट सरकत होती. डिझेल फिल्टर स्वच्छ. मग इंजिन चालू ठेवून टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या होजला, म्हणजे रबरी नळीला, साबणाचा फेस लावला. होज कुठं फुटला असेल तर तिथं बुडबुडे येतात.

"तांब्याभर पाणी फेसात घालवलं तुमी!" दादा कळवळले.

"तुमच्याच लेकीसाठी चाललंय, गप बसा!"

एकही बुडबुडा आला नाही. आता राहिली हवा आत घेणारी बाजू. तो पाइप केबिनच्या मागून वर जातो, त्याच्या तोंडावर टोपण असतं. मी वर चढून टोपण काढलं आणि बघतच राहिलो. पाइपाच्या तोंडावर कापड! चार पदरी, सुतळीनं करकचून आवळलेलं, आणि धुळीनं लिंपल्यासारखं झालेलं. एका कडेला हिरवा काठ दिसत होता.

"दादा, हे काय हो?"

दादांची कळी खुलली. "म्याच बांधलं. नवी गाडी, अन् रस्त्याला ह्यो फुफाटा. म्हणलं, इंजिनात धूळ जाया नको."

"अहो, आत कंपनीचा फिल्टर हाय की!"

"आसंल. पर पाणी आपुन फडक्यातनं गाळूनच पितो का न्हाय? मग गाडीनं हवा गाळून घेतली तर काय बिघडलं? घरच्या लुगड्याचं हाय, धुऊन बांधलंय."

टँकरचं पाणी आलं की आमच्या मुलखात घरोघरी घागरीच्या तोंडावर फडकं बांधतात, तसंच त्यांनी गाडीला बांधलेलं. मला राग आला, पण हसू त्याच्याआधी फुटलं. चेअरमनसाहेब तर डोळे पुसत हसत होते. दादा बिचारे आळीपाळीनं आमच्या तोंडाकडं बघत राहिले.

मी फडकं सोडलं, आतला हवेचा फिल्टर काढून झटकून बसवला आणि दादांशेजारी जाऊन बसलो. टँकर तसाच भरलेला, निघालो घाटाकडं. जिथं गाडी अडली होती त्या वळणावर दादांनी पाय दाबला. काहीच नाही. त्यांचा चेहरा उतरला, पाय उचलायला लागले.

"उचलू नका! धरून ठेवा!" मी ओरडलो.

आणि पंखा शिट्टी मारत पळाला, गाडीनं जी उचल घेतली म्हणता!

"आयला!" दादा किंचाळले. "मागनं कोण ढकलतंय व्हय?"

पुढच्या वळणांना मी त्यांना आधीच गिअर खाली घ्यायला लावलं, म्हणजे इंजिन मंदावत नाही आणि पंखाही पळता राहतो. शेवटच्या वळणाला तर दादा पाय दाबून माझ्याकडं बघत हसत बसले, गाडी उचलायची वाट बघत.

गावात शिरलो तर बाया हंडे-घागरी घेऊन पळत आल्या. हळदीच्या हातांनी सुजाता दारात उभी. दादांनी नळ सोडला आणि ती लेकरासारखी टाळ्या पिटायला लागली. "बाबा आले! पाणी आलं!" दादा रडले. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी लग्न झोकात लागलं. चेअरमनसाहेब तीनदा बुंदी मागून जेवले, गाडी परत करायचं नावही काढलं नाही.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत नवी गाडी बिघडून आली की मी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारायचो, "हिच्यावर कुणाची लई माया हाय?" ज्याचा हात वर व्हायचा, त्यानं काय केलंय ते आधी बघायचो.