साडेआठचा उंचवटा

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मीटरकाका म्हणतात. तीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. मग निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लांबच्या शहरात. बसडेपोकडे तोंड करून असलेली बाल्कनी, एवढीच काय ती इस्टेट. डेपोच्या धुराविरुद्ध आमची लढाई सुरू झाली तेव्हा हवेतला धूर मोजायचं यंत्र ठेवायला मी नेमकी तीच मागितली.

साधी धूळ मोजणारं यंत्र नव्हतं ते. केसाच्या हजाराव्या भागाएवढे कण, श्वासातून रक्तापर्यंत पोचू शकणारे, ते एकेक करून मोजायचं. आत स्पिरिट लागायचं. त्याच्या वाफेनं कण फुगले की मगच यंत्राला दिसायचे. काका रोज स्पिरिट भरत, दर अर्ध्या तासाला आकडा वहीत उतरवत. यंत्राशी बोलतही असावेत. जिन्यातून मी दोनदा ऐकलंय.

महिन्याभरानं आलेख काढला. तीन उंचवटे: पहाटे पाच, संध्याकाळी सात आणि साडेआठ. मी तडक तक्रार ठोकली, दिवसातून तीनदा उभ्या गाड्यांची इंजिनं चालू ठेवता म्हणून. डेपोच्या साहेबांनी सुनावणीची तारीख दिली. इंजिनं बंद करवायची ती एकच संधी होती.

सुनावणीला तीन आठवडे असताना काकांनी मला वर बोलावलं.

"पोरी, सातचा आकडा खोडावा लागेल. तो माझा तवा आहे."

स्वयंपाकघराची खिडकी बाल्कनीतच उघडते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! माझं टाळकं सरकलं.

"आत्ता सांगताय? राहू द्या तसाच. कुणाला कळतंय?"

"तीस वर्षं लोक चहा पाजून म्हणायचे, आकडा कमी लिहा. तू तर चहासुद्धा न पाजता वाढवायला सांगतेस."

मी म्हटलं, "बरं, सात तुमचा. साडेआठ तर डेपोचाच ना?"

ते उगाच भांडी आवरायला लागले. "तोही तवाच. ती कामावरून साडेआठला यायची. तिला गरम लागायचं."

"पण काका, काकूंना जाऊन चार वर्षं..."

"सकाळी मीच खातो ते. वाया नाही जात."

दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस त्यांनी शेगडी पेटवली नाही. थंड दूध, पाव, केळी, तीही बाल्कनीतून पिशवी खाली सोडून घेतलेली. कोण बिडी ओढत वर येईल सांगता येत नाही, म्हणून दारही उघडलं नाही. मलासुद्धा नाही. पंधराव्या दिवशी वही दाराखालून सरकवली. सात सपाट, साडेआठ सपाट. पाचचा मात्र जागच्या जागी, ताठ.

सुनावणीत साहेब तयारीनं आले होते. "हा कुणाच्या स्वयंपाकाचा धूर नाही कशावरून?" काकांनी वही पुढे केली. साहेबांनी दोनदा चाळली आणि पाणी मागितलं. आता पहाटे गाडी निघायच्या वेळीच सुरू होते, आधी तासभर घुरघुरत नाही.

यंत्र दुसऱ्या वस्तीत नेलं. बाल्कनीच्या फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग उरलेत. काका ते पुसत नाहीत. यंत्र उतरवताना मला म्हणाले, "ये कधी साडेआठला. एकाला पुरेल एवढं असतंच." मी हो म्हटलं.

परवा खालून जाताना वर पाहिलं. खिडकीतून तव्याचा धूर निघत होता. दुसऱ्या वस्तीतली आमची बैठक साडेआठचीच होती. मी बैठकीच्या दिशेनं पाय उचलला.