जलंबच्या विहिरीची जिवाणी

खामगावात राजुलबाईंकडे पाणी भरणारी मनकर्णाबाई जातीची माळीण; पण पाणी गाळण्यात तिनं भल्याभल्या जैन बायकांना मागं टाकलं असतं. जाड फडक्यातून पाणी गाळायचं आणि फडक्यावर उरलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत अलगद परत सोडायची. दुसरीकडे ते जीव मरतात, असं राजुलबाई सांगत. एखादी नवी सून फडकं अंगणात झटकताना दिसली, की मनकर्णाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराचा मोठा अभिषेक ठरला. म्हाताऱ्या राजुलबाईंनी सोबतीला पोटची लेक सोडून मनकर्णाबाईला नेलं. लेकीचा राग मी समजू शकतो; पण वाटेत पाणी गाळणं लेकीच्यानं झालं नसतं.

जलंबला गाडी बदलायची होती. तिथल्या विहिरीवर पाणी गाळून होतंय, तोच शिट्टी झाली. जिवाणी सोडायला वेळ राहिला नाही आणि जमिनीवर ओतवेना. मनकर्णाबाईनं ती एका तांब्यात घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि गाडी पकडली. परतताना त्याच विहिरीत सोडू, असं तिनं ठरवलं. बाईंना उगाच घोर नको म्हणून बोलली नाही.

दर्शनाआधी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा बाईंचा नेम. अनवाणी पायांनी, बसत-उठत त्या डोंगर चढल्या. वर एवढा मोठा उघडा देव पाहून मनकर्णाबाईनं आधी लाजून मान खाली घातली; मग वर पाहिलं ते पाहतच राहिली. मांड्यांवर चढलेले दगडी वेल, शांत ओठ.

"पानी दे वं," बाई म्हणाल्या.

वर बघतच तिनं पिशवीत हात घातला, फडकं सोडलं आणि तांब्या दिला. बाई घटाघटा प्याल्या. रिकामा तांब्या हातात आला, तेव्हा तिला कळलं, की तो जलंबचा होता.

"तुह्या हातचं पानी, डोये मिटून प्यावं," बाई म्हणाल्या. "माही यात्रा झाली."

सांगून टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. ऐकलं तेव्हा मीही तिच्यावर चिडलो होतो. पण त्या समाधानी चेहऱ्यासमोर माझीही जीभ रेटली नसती. तिनं रिकामा तांब्या पिशवीत ठेवला आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

भादव्यात पर्युषण संपलं. जैनांच्या रीतीप्रमाणे त्या दिवशी लहानथोर सगळ्यांची क्षमा मागतात. राजुलबाई विहिरीपाशी आल्या आणि मनकर्णाबाईसमोर हात जोडले.

"जाणता-अजाणता माह्या हातून तुहं मन दुखलं असन, तं क्षमा कर."

मनकर्णाबाईनं ते हात धरून खाली केले. "मले नोका मागू, बाई. मले नोका." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाईंना तो संकोच वाटला. त्यांनी पुन्हा हात जोडले. "तू केली म्हनशीन, तवाच मी जाईन."

म्हातारी उन्हात ताटकळत उभी राहिली.

"केली, बाई," मनकर्णाबाई म्हणाली.