साहेब 'गो ऑन' म्हणाले त्याची गोष्ट

इंग्रजीतलं 'गो ऑन' मला बरोबर समजलं होतं. समजलं नसतं, तर साहेब वेळेवर घरी पोचले असते.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. सातवीतून शाळा सोडून मी साताऱ्याकडून खाडीकाठच्या सारसोळ्याला आलो. पांडूकाकांनी (नातं काही नाही, नुसती माया) घरात ठेवून घेतलं आणि मला मिठागरावर चिकटवायचं मनावर घेतलं. म्हणून आपल्या मुलीच्या हळदीला मिठागराचे साहेब बोलावले. साहेब मद्रासकडचे, मराठी शून्य. दुभाषा मी.

साहेब मांडवात शिरले, तशी लग्नाचे धवले गाणारी जनाआत्या अदबीने गप्प झाली. साहेब हसून म्हणाले, "गो ऑन, गो ऑन."

"आत्या, साहेब म्हणतात थांबू नका, गात राहा."

"आसा बोल्ला? मंग बसव त्याला," म्हणत आत्यानं धवला पहिल्यापासून धरला.

काय गळा! हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. मांडव, तांदूळ, हळद, लग्नाला बोलावलेले कुळातले देव एकेक ओळीनं येत होते. मी नोकरी विसरून ऐकत राहिलो. तासाभरानं साहेबांनी उठून घड्याळ दाखवलं. ओहोटी लागली की त्यांची होडी चिखलात बसणार.

मी आत्याच्या कानाशी लागलो. "आत्या, आता पुरे म्हणतात."

"मदीच तोरला त नवरीला बरा नाय. आनि देव आजून आर्देच आलेत. बाकीच्यांना मांडवाबायेर उबं करू?"

मी काकांकडे पाहिलं. "माज्याकरं नको बगू," काका म्हणाले, "मी पोरीचा बाप हाय."

शेवटी मी साहेबांना म्हणालो, "सर, गॉड... हाफ."

साहेब पुन्हा बसले. आत्यानं पुढच्या ओळींत साहेबांना गुंफलं, त्यांच्या होडीला गुंफलं आणि घामानं भिजलेल्या साताऱ्याच्या पोरालाही. मांडवभर हशा.

सगळे देव येईतो खाडीत नुसता चिखल उरला होता. पुढच्या भरतीपर्यंत साहेब अडकले; दोनदा जेवले. नोकरी बुडाली, असं मी धरूनच चाललो. पण होडीत चढताना साहेबांनी मला सोमवारी यायला सांगितलं.

काम एकच: साहेब कुठे पाहुणे गेले की ओहोटीआधी त्यांना उठवायचं. तेही खुणेनं. इंग्रजी बोलायचं नाही, ही अट.

जनाआत्याला अशी अट नव्हती. पुढे हळदीत कुणी तिला थांबवू पाहिलं, की ती स्वतःच "गो ऑन" म्हणायची आणि गात राहायची. तिनं शाळेचं दारही पाहिलं नव्हतं. माझी सात वर्षांची शाळा मात्र 'गॉड हाफ'वर संपली.