चुन्याचा क्रूस

आमच्या मंडळीत एक रीत होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब विचारत, "कुणाचं कुणाशी वाकडं आहे का?" असेल त्याने उठायचं, त्या माणसाकडे जायचं आणि मिटवून यायचं. तोवर मंडळी गाणी म्हणत थांबायची. बहुतेक सासू-सुनांचीच भांडणं निघत. दहा मिनिटांत दोघी नाक पुसत परत यायच्या.

माझं वाकडं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

आदल्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या सेलू तालुक्यातल्या गावात बौद्धांची घरं पेटवली गेली. सकाळीच कुणकुण लागली होती. मी घरात एकटी. चुन्यात बोटं बुडवून मी पुढच्या दारावर भला मोठा क्रूस काढला. आम्ही त्यांच्यातले नाही, आम्हाला सोडा, एवढाच त्याचा अर्थ. माझी आजी आणि माझ्या बौद्ध शेजारणीची आजी गावकुसाबाहेरच्या एकाच वस्तीत वाढलेल्या, ते त्या चुन्याखाली झाकून टाकलं.

दुपारी शेजारीण मागच्या दाराशी आली. "बाई, पोरीला तेवढं आत घ्या. माझं मी बगते." गावच्या शाळेत मी शिकवायचे, तिची पोर माझ्याच वर्गात होती. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. चुना कालवताना त्याची भुकटी घशात गेली होती, खोकला पदरात दाबला. तीनदा हाक आली. मग पावलं ज्वारीच्या रानाकडे गेली. उभ्या पिकात मायलेकी दोन दिवस लपून राहिल्या. त्यांचं घर जळालं, माझ्या दाराला झळसुद्धा लागली नाही.

देवाकडे मी रोज माफी मागितली, रडून मागितली. ते सोपं होतं, देव काही शेजारी राहत नव्हता. पण ज्याने दुसऱ्यांसाठी क्रूस अंगावर घेतला, त्याचाच क्रूस मी स्वतःला वाचवायला दारावर काढला, याची लाज जाईना. चुना खरवडून काढला तरी जाईना.

त्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी उठले.

शेजारीण नव्या पत्र्यांच्या घरापुढे गवऱ्या थापत होती. पोर पाटीवर गणितं करत बसली होती. मी एका दमात सांगून टाकलं, "त्या दिवशी मी घरातच होते. कडी मीच लावली होती. मला माफ कर."

शेजारणीचे हात शेणातच थांबले. ती माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होती.

"आई," पोर म्हणाली, "तू तर म्हनलीस, बाई गावाला गेल्यात. असत्या तर घेतलंच असतं म्हनून."

शेजारीण मला म्हणाली, "मला ठावं व्हतं, बाई. तुमचा खोकला ऐकला म्या. पर पोरीला तुमच्याच वर्गात बसायचं व्हतं, म्हनून न्हाई सांगितलं. आता तुमचं मन हलकं झालं. हिचं काय करू?"

देवळातलं मंडळीचं गाणं तिथपर्यंत ऐकू येत होतं. ते संपलं आणि माझ्यासाठी दुसरं सुरू झालं. मी पोरीजवळ जाऊन बसले. तिने पाटी उचलली आणि ती आईच्या पलीकडे जाऊन बसली.