घरी शुद्ध बोला

सुशीलाबाई बहेकार कुणाचं सांगणं कानाआड करणारी बाई नव्हती. सासूने सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सबाईने सांगितलं, की ती दोनदा विचारून नीट समजून घ्यायची आणि मग तसंच करायची. त्यात वाकडं जायचं तिला सुचतच नसे. नवरा बकाराम हसायचा. "तुले कोणी विहिरीत पाहा म्हटलं तं सांज होऊस्तोवर पाहत राहशील," म्हणायचा.

दोन हजार एक साली त्यांच्या रुचिकाला गोरेगावच्या कॉन्व्हेंटात पहिलीत घातलं. नाव कॉन्व्हेंट, पण शिकवणं मराठीतच. इंग्रजीचा एक तास तेवढा असायचा. बालवाडी ते चौथी एवढीच शाळा, बाजाराच्या मागे टिनाच्या छपराची. गाव तिथून पायी जाण्यासारखं होतं. बकारामची धानाची थोडी शेती घरची होती, थोडी ठेक्याने केलेली. पोरीच्या शिक्षणात मात्र त्याने कधी मागंपुढं पाहिलं नाही.

शाळा उघडायच्या आधी पालकांना बोलावलं. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून सगळ्या आया बसल्या होत्या. बाजारलाईनमधल्या कापड दुकानदाराची बायको होती, तहसीलमधल्या बाबूंच्या बायका होत्या, आणि एका कोपऱ्यात पदर घट्ट लपेटून सुशीला. योगेश्वरी पटले मॅडम फळ्याजवळ उभ्या राहिल्या. वय असेल अठ्ठावीसेक, आवाज खणखणीत. त्यांनी एकेक नियम सांगायला सुरुवात केली. प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. मुलीला दोन वेण्या, लाल रिबन, शनिवारी पांढरी. रुमाल फ्रॉकला पिनने लावायचा. सोमवारी नखं पाहिली जातील. डब्यात भात नको, सांडतो, पोळी-भाजी द्या. सुटीच्या वेळी मूल ओळखीच्या माणसाच्याच हाती सोडलं जाईल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकसभा, तिला आईनेच यायचं. आणि घरी मुलांशी शुद्ध मराठीत बोलायचं.

"इतने नियम तो फौज में भी नहीं होते," दुकानदाराची बायको शेजारणीच्या कानात म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. सुशीला हसली नाही. ती ओठ हलवत सगळं पाठ करत होती.

आणि तिने ते पाळलं. धानाच्या मुलुखात घरोघरी दोन्ही वेळा भातच. पोळी व्हायची ती पाहुणे आले किंवा सण आला तरच. सुशीलाच्या पोळ्या आधी एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने करपलेल्या निघायच्या. त्यातली बरी असेल ती डब्यात जायची, बाकीच्या बकाराम मुकाट्याने खायचा. तांब्यात निखारे घालून ती फ्रॉकला इस्त्री करायची. पावसाळ्यात बांधावरून जाताना रुचिकाचे बूट प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून स्वतःच्या हातात धरायची, शाळेच्या बोअरिंगवर पोरीचे पाय धुवायची आणि तिथंच मोजे चढवायची. गेट बंद व्हायच्या आत रुचिका रांगेत उभी असायची. जाता-येता दोघींची बडबड चालायची. कोणाच्या बांधीत धानाचे कोवळे पऱ्हे पिवळे पडले, कोणती चिमणी कुठं घर करून राहिली, सापाची कात कशी ओळखायची. रुचिका प्रश्न विचारून विचारून मायचं डोकं खायची आणि मायलाही ते हवंच असायचं.

जुलैच्या शेवटी पहिली पालकसभा आली तेव्हा धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, जोरात होता. सुशीला शेतातल्या बांधीतूनच निघाली. हातपाय धुतले, लुगडं बदललं, पण नखांत चिखल राहिलाच. मॅडम एकेका आईला उभं करून विचारत होत्या. मुलं दाराशी गर्दी करून पाहत होती.

"रुचिका घरी अभ्यास कसा करते, ताई?" मॅडमनी विचारलं.

सुशीला उभी राहिली. "चांगली करते जी. पाटी घेऊन बसून राहते. मंग म्या म्हटलं का वाच वो, तं वाचता वाचताच लुडकते. मंग मी तिले उठवतो अन् भात चारतो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघी-चौघी हसल्या. दाराशी उभी असलेली मुलंही हसली, त्यांना कशाला हसायचं ते कळलंही नसेल. रुचिका त्यांच्यातच होती. ती हसली नाही. तिने मान खाली घातली.

मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं. त्या रागावल्या नव्हत्या. उलट जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, मुलगी हुशार आहे. तेवढं घरी शुद्ध बोलत जा. मूल आईचंच उचलतं."

घरी परतताना त्या दिवशी बडबड झाली नाही. गावाजवळ आल्यावर रुचिका म्हणाली, "माय, तू आता सभेले येजो नोको. काकाले पाठव. काका चांगला बोलते."

सुशीलाला ते लागलं, पण पोरीचं काही चुकतंय असं तिला वाटलं नाही. बकारामचा धाकटा भाऊ स्वप्निल गोंदियाला बीए करत होता, पुस्तकातल्यासारखं बोलायचा. त्या महिन्यापासून सभेला तो जायला लागला. आईनेच यायचं हा एकच नियम सुशीलाने मोडला. बाकीचे तिने आणखी घट्ट धरले.

शुद्ध बोलायचा प्रयत्नही तिने करून पाहिला. "रुचिका, तू जेवण केले आहे काय?" असं रेडिओवरच्या बातम्यांसारखं ती एकदा म्हणाली. रुचिका खो-खो हसत सुटली. ओसरीवर तांदूळ निवडायला आलेली शेजारीण गीताबाई तर डोळे पुसेपर्यंत हसली. मग सुशीलाने सरळ वाट धरली. आपलं बोलणंच पोरीला लागत असेल तर बोलायचंच कमी. पाटी काढ. जेव. झोप. एवढं बोलण्यात चुकायला काही जागाच नव्हती.

पोरगी प्रश्न विचारायची तेव्हा ती म्हणायची, "काकाले विचार." रुचिका काही दिवस विचारत राहिली. मग विचारेनाशी झाली.

"काऊन वो, पोरीसंग बोलून नाही राहिली? रागावली का तिच्यावर?" गीताबाईने एकदा विचारलं.

"रागावाले का झालं? माझ्यानं तिची बोली बिघडते जी," सुशीला म्हणाली.

"बोली का दूध होय, बिघडाले?" गीताबाई म्हणाली. पण मॅडम शिकलेल्या होत्या आणि गीताबाई शिकलेली नव्हती. सुशीलाने मॅडमचं ऐकलं.

बकारामला हे नियम कधी लागलेच नाहीत. तो पोरीला खांद्यावर घेऊन आपल्या बोलीत मनमोकळं बोलायचा, बैलांना हाकायचा त्याच आवाजात तिला हाका मारायचा. तीही त्याला त्याच बोलीत उत्तर द्यायची. सुशीला चुलीपुढं बसून दोघांचं ऐकायची. तिला वाटायचं, बापाचं चालते. मूल आईचंच उचलतं ना.

चौथीत असताना स्नेहसंमेलनात रुचिकाचा भाषणात पहिला नंबर आला. ग्रामस्वच्छतेवर बोलली होती, एकही शब्द न अडखळता. सुशीला मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसली होती. मॅडमनी माईकवर सांगितलं, "खेड्यातून येणारी मुलगी इतकं स्वच्छ बोलते, याचं श्रेय तिच्या घराला आहे." सुशीलाचे डोळे भरून आले. गप्प राहिल्याचं चीज झालं, असंच तिला त्या दिवशी वाटलं. बक्षिसाचा कप घेऊन रुचिका खाली उतरली आणि धावत जाऊन बापाच्या कमरेला बिलगली. मग आईजवळ येऊन नुसतीच उभी राहिली. एव्हाना तिच्या तोंडी ‘माय’ची ‘आई’ झाली होती.

पुढं वर्षं कशी गेली ते कळलं नाही. दहावीनंतर रुचिका नागपूरला गेली, बारावी झाली, नर्सिंगला लागली. वसतिगृहातून तिचा फोन यायचा. सुशीला फोन कानाला लावून विचारायची, "जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो. बाबांना दे ना."

आणि मग बकाराम अंगणात फिरत फिरत किती तरी वेळ बोलायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या लग्नात वरण खारट झालं, सगळं सांगायचा. सुशीला भांडी घासता घासता त्याच्या बोलण्यावरून पलीकडं पोरगी काय म्हणत असेल त्याचा अंदाज बांधायची.

दोन हजार पंधरा साली, दसरा झाल्यावर, गोरेगावच्या आठवडी बाजारात तिला योगेश्वरी मॅडम दिसल्या. कानांजवळचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. बरोबर त्यांची म्हातारी सासू धुरपताबाई होती. मॅडम सासूशी त्यांच्या घरच्या पोवारी बोलीत बोलत होत्या, मोठ्याने, हसत. भाजीवाल्याशी बोलताना मात्र त्या तशाच झटक्यात सुशीलाच्याच झाडीबोलीत शिरल्या. "काऊन जी, इतके महाग लावून राहिले?" सुशीला वांग्यांच्या ढिगापाशी उभी राहून ऐकतच राहिली.

मॅडमनी तिला ओळखलं. "अवो, रुचिकाची आई ना तुम्ही? पोरगी का करते आता?"

सुशीलाने सांगितलं. मॅडमना खरोखर आनंद झाला. शाळेतल्या जुन्या गोष्टी निघाल्या. आणि मग सुशीलाने इतक्या वर्षांत कुणालाच न विचारलेलं विचारलं. "मॅडम, तुमी घरी शुद्ध बोलाले सांगत होते. तुमच्या घरी का बोलत होते जी?"

मॅडम मनापासून हसल्या. "आमच्या घरी? आमच्या घरी तं दिवसभर पोवारीच. माझी दोन्ही पोरं पोवारी बोलतच मोठी झाली. ते संस्थेचं सांगणं होतं, आमी दरवर्षी सगळ्यांनाच सांगत होतो. कोण ऐकत होतं बाई! सांगाचं अन् सोडून द्याचं." मग काही तरी आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुमी ऐकलं का काय?"

"थोडंफार," सुशीला म्हणाली.

सासूने हात ओढला तशा मॅडम निरोप घेऊन पुढं गेल्या. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, का देऊ? सुशीला रिकामी पिशवी घेऊन घरी आली. मॅडमचा राग करावा असंही तिला काही सापडेना. त्यांनी हसून सांगितलं होतं, खरं सांगितलं होतं. राग आला तो स्वतःचाच, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना.

दिवाळीत रुचिका आली. दुपारी दोघी ओसरीवर बसून करंज्या भरत होत्या. सुशीलाने बरेच दिवस मनात जुळवलेलं वाक्य एकदाचं काढलं. "तू लहान होती, तवा मी तुझ्यासंग बोलत नव्हती."

रुचिकाचा हात थांबला. "माहीत आहे मला."

"काऊन नव्हती, ते माहीत आहे?"

"हो." रुचिका करंजीची कड दुमडत राहिली. "मी तुला म्हटलं होतं ना, सभेला येऊ नको. त्याचा तुला राग आला. मला वाटायचं, आज जाईल, उद्या जाईल. मी माफी मागायची ठरवायचे, पण तू म्हणायचीस, जेव, झोप. मग राहूनच गेलं."

सुशीलाला हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. सहा-सात वर्षांची पोर आईच्या न आलेल्या रागाचं ओझं घेऊन शाळेत जात होती, भाषणं पाठ करत होती, कप आणून समोर उभी राहत होती. तिने पिठाचे हात तसेच पोरीच्या दंडावर ठेवले. "राग नव्हता वो बाई. मॅडमनं सांगितलं होतं, घरी शुद्ध बोला. मले येत नव्हतं. म्हणून मंग..."

रुचिका आधी हसली. मग तिचं हसू विरलं. "एवढ्यासाठी? आई, मॅडम काय काय सांगायच्या. ते सगळं कोण पाळत होतं?"

"मी पाळत होती," सुशीला म्हणाली.

करंज्या भरून झाल्या, तळून झाल्या. बकाराम आला, त्याने दोन खाल्ल्या आणि दोघींचे चेहरे पाहून पुन्हा बाहेर निघून गेला.

त्या दिवसापासून सगळं पालटलं, असं झालं नाही. रुचिकाला नागपूरच्याच एका दवाखान्यात नोकरी लागली. सुटी मिळाली की ती यायची. सुशीला मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायची, ठरवून बोलायला लागायची, आणि दोन-चार वाक्यांत दोघींचं बोलणं संपून जायचं. इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसली होती. समोर पोरगी दिसली की शब्द आपोआप तुटक व्हायचे. पोरगी सहा वर्षांची असताना जे बोलायचं होतं, ते पंचविशीच्या नर्सबाईला कसं सांगायचं? बकारामजवळ ती एकदा म्हणाली, "तिचं सगळं लहानपण माझ्या तोंडात अडकून राहिलं."

एका उन्हाळ्यात रुचिका आलेली असताना सुशीला गीताबाईच्या ओट्यावर बसून माहेरच्या एका लग्नाची गोष्ट सांगत होती. नवरदेवाची खासर, म्हणजे बैलगाडी, नाल्यात रुतली, वऱ्हाड उपाशी बसलं, आणि नवरदेव स्वतः बैलांना हुसकायला चिखलात उतरला. हातवारे करून, आवाज काढून सांगत होती. गीताबाई हसून हसून वाकली होती. तेवढ्यात रुचिका घरातून आली आणि गुपचूप खालच्या पायरीवर बसली. तिला पाहताच सुशीला अडखळली आणि गप्प झाली.

"काऊन थांबली वो? मंग पुढं का झालं?" गीताबाईने विचारलं.

सुशीलाने पोरीकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली. आणि गीताबाईकडं तोंड करून, पण पायरीवर ऐकू जाईल अशा आवाजात, तिने गोष्ट पुढं सांगायला घेतली.